भोंग्यावरनं सांगितलेलं मरण

आमचं मालक आप्पासाहेब जिवंत हायत. ठणठणीत हायत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं जरा लंगडतात, पण दोन भाकरी आन वर भात असं जेवतात. तरीबी गेल्या मे महिन्यात ते गेल्याची बातमी म्या सोता मारुतीच्या भोंग्यावरनं दिली. अजून बाया इचारतात, "संजाक्का, जीभ कशी उचलली गं तुझी?" उचलली. परत तशी येळ आली तर परत उचलंन. ज्यांना तोंडं वाकडी करायची त्यांनी खुशाल करावी.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या पुढं, लासुर्ण्याच्या अलीकडं. खालनं ओढा जातो. ओढा म्हणायचं म्हणून ओढा. पार बारामती तालुक्यातनं निघतो, माळामाळानं येतो, आन गेली कित्येक वर्षं त्यात वेडी बाभळ, शेळ्या आन पोरांची क्रिकेट. वाळू व्हती ती कवाच ट्रॅक्टरनं गेली. आमचं घर वर माळावर, मारुतीच्या देवळाला लागून. धाकटं दीर मोहनराव आन त्यांची बायको द्वारका ह्यांचं घर खाली, ओढ्याच्या काठाला. वस्ती सगळी एकाच भावकीची, तीबी निम्मी काठालाच. पाण्याजवळ घर बरं, असं त्या येळी सगळ्यांना वाटलं. पाणी कुठं हाय ते कुणी बघितलं न्हाय.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत न्हवतं. एका उन्हाळ्यात कालव्याच्या फाट्याच्या पाण्याची पाळी व्हती. मोहनभावजींचा ऊस अर्धा भिजायचा राहिला आन आमच्या मालकांनी पाणी आपल्या रानात वळवून घेतलं. चूक आमची व्हती, मी तवाबी म्हणले व्हते. पण मालकांची मान ताठ, भावजींचा राग नाकावर. देवळाच्या पारावर चार माणसांत भावजी म्हणालं, "ह्येच्या मातीलाबी येणार न्हाय मी." आमच्याकडं मयताच्या विधीला जायचं म्हणजे मातीला जायचं. मातीला येणार न्हाय, म्हणजे नातं संपलं. त्यावर भावजींनी ओढ्यात बंधाऱ्याच्या खालच्या डोहात सोताची मोटार बसवली, का तर भावाच्या पाळीकडं बघायला नको. उन्हाळ्यात तितं झरा लागतो, चिळकांडीएवढा. त्या चिळकांडीवर त्यांनी आपला ऊस जगवला, मानलं पाहिजे.

तर त्या दिवशी सकाळी सगळ्यांचं मोबाईल एकदम कोकलले. सरकारचा इशारा आलेला. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार. तुरळक म्हणजे कुठं? अंथुर्णं का आमेरिका? असला मेसेज आठवड्यातनं दोनदा येतो, आन आमच्यावर ऊन तापलेलंच असतं. त्या दिवशीबी ऊन व्हतं. पश्चिमेला आभाळ काळं दिसत व्हतं, पण ते काय, रोजच दिसतं.

दुपारी मी लसूण सोलत बसले व्हते. सून सुप्रिया खाली द्वारकाकडं पापड लाटाय गेलेली. कुशाआत्या, म्हणजे मालकांची चुलती, आत खाटेवर. तिला नव्वदी कवाच झाली, ऐकू कमी येतं पण बोलणं चालू असतं. मालक बाहेर चिंचेखाली बाजेवर. आन माझ्या माहेरनं फोन आला. माझं माहेर ह्याच ओढ्याच्या वरल्या अंगाला. फोनवर भावजय झुंबर, आन ती नुसती किंचाळत व्हती.

"आक्के, सकाळपासनं नुसतं वततंय! वरचा पाझर तलाव फुटला गं! आमचा गोठा गेला, म्हसरं सोडली तवा वाचली. पाणी तुमच्याकडं सुटलंय, बांधापातूर न्हाय, पार रानातनं चाललंय. माणसं काढा आधी, माणसं—"

फोन कटला. परत लावला तर लागंना.

मालकांना सांगितलं. त्यांनी डोळ्यावर हात धरून आभाळाकडं बघितलं. "हितं ऊन पडलंय," ते म्हणालं.

"ऊन हितं पडलंय, तलाव तिकडं फुटलाय! तुमचं ऊन काय पाणी अडवणार हाय का?"

मालक लगेच बाजेवरनं उठलं, पण त्या गुडघ्यानं खालपातूर जायला त्यांना संध्याकाळ झाली असती. "तू भोंग्यावरनं सांग," ते म्हणालं, "मी आत्याला बघतो." मी लसणाची पाटी लवंडून देवळाकडं पळाले. एकादशीचं भजन असलं की त्या माईकवर बाप्ये तासतास गळं काढतात. मी कधी हात लावला न्हवता. बटण सापडलं, भोंगा खर्रर्र वाजला, आन मी ओरडले, "ऐका! ओढ्याला पाणी येतंय! वरनं लई मोठं पाणी सुटलंय! ओढ्याला पाणी येतंय!"

तितंच माझं चुकलं. म्हणजे माझंबी न्हाय. जलमभर ज्या माणसांनी पाण्याची वाट बघितली, त्यांना पाणी येतंय असं सांगितल्यावर ती पळून जातील व्हय?

देवळाच्या कट्ट्यावरनं सगळा ओढा दिसतो. मला वाटलं माणसं वर येतील. तर घराघरातनं माणसं भाईर पडली आन सरळ खाली ओढ्यात! पोरं शिट्ट्या मारत. म्हातारी माणसं काठ्या टेकत. आमच्याकडं कोरड्या ओढ्याला नवं पाणी आलं की बायांनी त्याची ओटी भरायची असते. खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. पाणी बंधाऱ्याला लागायच्या आत ओढ्यात उभं राहायचं आन पहिल्यांदा येणाऱ्या पाण्याला ववाळायचं. तो मान द्वारकाचा, कारण घर काठाला. ती ताट घेऊन पुढं, नवं लुगडं खांद्यावर, आन तिच्या मागं आमची सुप्रिया नारळ घेऊन. दोघी ओढ्याच्या मधोमध. भोवती दहा-बारा बाया, पोरं कडेवर. कुणीतरी मोबाईल वर धरून शूटिंग करत व्हतं.

मग असा राग आला म्हणता! सोताच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

सुप्रियाला फोन लावला. उचलला न्हाय. दोन्ही हातात नारळ, कशी उचलंल? परत माईक घेतला. "अगं बायांनो, वर या! पूर हाय तो पूर! तलाव फुटलाय!" खालनं द्वारकानं हात हलवला. "या की आक्का, तुमीबी या!" असं तिच्या तोंडावरनंच कळत व्हतं. पूर म्हणलं तरी त्यांना पूर दिसंना. त्या ओढ्यात कुणाचा घोटा भिजल्यालाबी कित्येक वर्षात कुणी बघितला न्हवता.

आन बंधाऱ्याच्या खाली डोहात मोहनभावजी. माझा आवाज ऐकून मोटार काढायला उतरलेलं. पाणी आलं तर मोटार बुडंल, एवढंच त्यांना कळलं. कंबरेएवढ्या खड्ड्यात उभं राहून पान्ह्यानं नट फिरवत व्हतं. नट गंजलेलं असणार, कारण ते सारखं पान्हा हाणत व्हतं.

आता काय करावं? धावत खाली जावं तर माझं वय काय, वाट केवढी. जाऊन पोचले तरी मला हळदकुंकू लावून उभी केली असती. पूर म्हणून हालत न्हाईत, तलाव फुटला म्हणून हालत न्हाईत. मग ही माणसं कशानं हालतात? हातातलं काम टाकून, चुलीवरचं दूध तसंच ठिवून ती कशासाठी पळतात?

मयतासाठी पळतात. आन भावकीत मयत झालं की सुतक. सुतकात ओटी न्हाय, नारळ न्हाय, पूजा न्हाय. हातातलं ताट तितल्या तितं खाली ठिवायचं.

माईक माझ्या हातातच व्हता. एक नाव तोंडात आलं, ते गिळलं. मग दुसरं घेतलं.

"वस्तीवरल्या सगळ्यांना कळवण्यात येतंय की," मी म्हणले, आन माझाच आवाज मला वळखू येईना, "आमचं मालक, आप्पासाहेब, आत्ता घडीला वारलं. सगळ्यांनी माळावर घरी यावं. आत्ताच्या आत्ता यावं. एकानंबी मागं राहू न्हाय."

ओढ्यातला सगळा गलका बंद झाला. मग द्वारकाचा हंबरडा आला, तो भोंग्याबिगर वर ऐकू आला. तिनं ताट खाली टाकलं. सुप्रियानं नारळ टाकलं आन धावत सुटली ती पोटुशी असल्यागत पोट धरून. तिच्या सासऱ्यानं तिला लेकीसारखं वागवलेलं, त्यामुळं मला लई लागलं ते बघून. पण मनात म्हणले, रड बाई, रडत रडत का व्हईना, वर ये. बाया चढाला लागल्या. पोरं बखोट्याला धरून वढत आणली. म्हातारी माणसं बाप्यांनी पाठकुळी घेतली. काठाची घरं रिकामी झाली.

मोहनभावजींनी मान वर केली. देवळाकडं बघितलं. मला वाटलं, निघालं. आन ते परत वाकलं, परत पान्हा हाणाय लागलं.

मातीला येणार न्हाय म्हणलं व्हतं, ते काय खरंच धरून बसलंय हे माणूस? मी माईकवर अशी भडकले की भोंगा फाटायचा राहिला. "मोहनभावजी! येणार न्हाय म्हणलं व्हतं न्हवं? नका येऊ मातीला! पण तोंड तरी बघून जावा! एका आईच्या कुशीतनं आलाय का न्हाई? सोडा ती मोटार! मेली ती मोटार!"

तेवढ्यात वरल्या वळणाला आवाज आला. दगडांची ट्रॉली रिकामी करावी तसा, पण ट्रॉली रिकामी व्हईचना. पाणी आलं ते पाण्यासारखं दिसलंच न्हाय. पुढं बाभळी, गवताच्या गंज्या, कुणाच्यातरी गोठ्याचं पत्रं, आन मागं लाल चिखल. बंधाऱ्यावरनं पार उडी मारून पलीकडं पडलं. द्वारका जितं उभी व्हती ती जागा आधी गेली, मग डोह. डोहाकडं म्या बघितलं तवा तितं नुसता भोवरा फिरत व्हता. माणूस दिसलं न्हाय.

माईक खाली ठिवला आन भिताडाला धरून घराकडं आले.

अंगणात सगळी भावकी उभी. चिंचेखाली आमचं मालक, कुशाआत्याला पाठीवर घेऊन बाजेपातूर आणलेली, घामानं थबथबलेलं, आन समोर पन्नास माणसं रडत. सुप्रिया त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत व्हती. तिला धड रडता येईना न धड थांबता येईना. "अगं, हाय मी, हाय," मालक तिच्या डोक्यावर थोपटत व्हतं.

द्वारका माझ्या अंगावर आली. "जित्या नवऱ्याला मारलंस? आपल्या तोंडानं आपलं कुंकू पुसलंस? नाव घ्यायचं व्हतं तर कुशाआत्या व्हत्या की घरात! त्यांचं काय राहिलंय आता? कुणाला नवलबी वाटलं नसतं!"

"मागं बघ," मी म्हणले.

तिनं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तिच्या घराच्या पत्र्याला पाणी लागलं व्हतं. कुणीतरी लेकराला छातीशी घट्ट धरलं. आन द्वारका एकएक तोंड बघाय लागली, भिताडापासनं गोठ्यापातूर आन परत.

"हे कुठायत?" ती म्हणली.

मालक बाजेवरनं उभं राहिलं. "मोहन आला न्हाय?" त्यांनी मला इचारलं. काय सांगावं? द्वारका खालच्या वाटेकडं पळाली, तिला चौघींनी धरली. मालक लंगडत तिच्या मागं निघालं आन मी त्यांचा सदरा धरला. "सोड," ते म्हणालं, "माझा भाऊ हाय तो." इतक्या वर्षांत भाऊ हा शबूद मी त्यांच्या तोंडनं ऐकला न्हवता.

तेवढ्यात मागल्या अंगानं, आमच्या उसातनं, पानं मोडत कुणीतरी आलं. मोहनभावजी. वाटेनं आलंच न्हाईत. सरळ उसातनं तोंड-हात कापून घेत आलं, का तर ती वाट जवळची. मांड्यांपातूर चिखल, पायात एकच चप्पल, पान्हा अजून मुठीत. ते रडत येत व्हतं, मोठ्यानं, लहान पोरागत, आन समोर भाऊ उभा बघून तितंच थांबलं.

"मेला न्हाईस?" ते म्हणालं.

"न्हाय," मालक म्हणालं.

"मग वैनी भोंग्यावर काय बोंबलती?"

आन मटकन खाली बसलं. द्वारका त्यांच्याजवळ जाऊन त्यांचं हात, पाय, डोकं चाचपाय लागली, जसं काय बाजारातनं आणलेलं भांडं फुटलंय का बघावं. मग परत माझ्याकडं वळली, पण आता आवाज खाली आला व्हता. "तरीबी आक्का, कुशाआत्यांचं नाव घ्यायचं. नवऱ्याचं का घेतलंस?"

"घेत व्हते. तोंडात आलं व्हतं," मी म्हणले. "आत्याच्या नावानं बाया आल्या असत्या. तुझा नवरा मोटार सोडून आला असता का? खरं सांग."

द्वारकानं भावजींकडं बघितलं. भावजींनी जमिनीकडं. बाजेवरनं कुशाआत्या, जिला एरवी ढोल वाजला तरी ऐकू येत न्हाय, ती खणखणीत म्हणली, "बरं केलंस संजे. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. मला आणखी वाढवून काय करायचंय?" आन एवढ्या सगळ्यातबी दोन बाया फिसकन हसल्या.

मोहनभावजी मात्र हसलं न्हाईत. ते पाण्याकडं बघत व्हतं. बघता बघता उठलं. "खाली सांगितलं का कुणी?" ते म्हणालं.

खाली म्हणजे द्वारकाचं माहेर. ह्याच ओढ्याच्या काठाला, आमच्यापासनं दोन-तीन कोसांवर. तितं अजून पाणी पोचलं नसणार. द्वारकानं घाईनं फोन लावला, तिच्या भावजयीला, फुलाबाईला. फोनचा आवाज मोठा केला, सगळी गोळा झाली.

"फुला, ओढ्याला पाणी आलंय बघ, लई—"

"व्हय का! अगं बया! आलं का पाणी!" तिकडनं फुलाबाई आनंदानं चित्कारली. "थांब, सगळ्यांना सांगते. ताट करते, नारळ हाय का बघते!"

"नगं! नगं येडे, पूर हाय! ओढ्यात जाऊ नगा!"

"अगं कडंनं बघू की. कड सोडत न्हाय आमी. किती वर्षांनी आलंय गं, पोरांना तर म्हायतीच न्हाय!" आन ती कुणालातरी हाका माराय लागली, तिकडं लगेच बायांचा गलका सुरू झाला.

अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करू? माझ्याकडं नवरा एकच, आन तो वापरून झालेला.

"सांग की मी गेलो म्हणून," मोहनभावजी म्हणालं.

द्वारकानं फोनवर हात ठिवला. "काय बोलताय?"

"आख्ख्या वस्तीचा जावई हाय मी. टेम्पो भरून येतील. एक माणूस मागं राहणार न्हाय. सांग."

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"द्वारके," मी तिचा दंड धरला. मघाशी माझ्यावर धावून आलेली बाई ती, पण आता मला तिची अशी दया आली की बस. "कसं वाटतं ते मला इचार. पण बोल. पाणी थांबायचं न्हाय."

तिनं फोन तोंडाशी नेला. दुसऱ्या हातानं नवऱ्याची चिखलानं भरलेली बाही मुठीत आवळून धरली.

"फुला," ती म्हणली, "हे गेलं गं." आन खरीखुरी रडाय लागली, सोंग न्हाय, पोटातनं. तिकडचा गलका एकदम थांबला, मग तिकडनंबी रडणं उठलं. "सगळी या. पोरंबाळं घेऊन या. ओढ्यातनं नगा येऊ, वरल्या रोडनं या. एकबी मागं ठिवू नगा, आत्ता निघा, आत्ता—"

भावजींनाबी हुंदका आवरंना. मेलेल्या माणसाचा आवाज फोनमधी जाऊ न्हाय म्हणून आमच्या मालकांनी पुढं हून त्यांच्या तोंडावर हात ठिवला, आन तिचं बोलणं संपंपातूर काढला न्हाय.